कात्रणांतून कलावस्तू: आवृत्ती किती नगांची, हे तुकड्यांनाच ठरवू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची हँडबॅगा आणि स्कार्फ बनवणाऱ्या एका फॅशन हाउसकडून तुम्हाला साधारण १२० किलो शिल्लक माल मिळतोय. त्यात चामड्याचे तुकडे, छपाईत बिघडलेले रेशमी स्कार्फ, अस्तराचं कापड, बकलं आणि साखळ्या आहेत. त्यातून मर्यादित आवृत्तीच्या कलावस्तू करायच्या आहेत. आधी डिझाइन करावं की आधी माल पाहावा, आवृत्ती किती नगांची ठेवावी, ब्रँडचं नाव वापरता येईल का आणि किंमत कशी लावावी, हे तुम्ही विचारलं आहे.

मी १९ वर्षं हेच काम करते आहे. माझं सांगणं असं, की स्केचबुक तूर्त मिटून ठेवा आणि सगळा माल जमिनीवर पसरा. पसरलात की हात आपोआप रंगांकडे जाईल. लाल लालात, काळं काळ्यात, असे ढिगारे व्हायला लागतील. तसं करू नका. पहिली वाटणी आकाराप्रमाणे करा. या धंद्यातली बहुतेक चांगली कामं या एका सवयीतून निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कारखान्यात अस्तराचं कापड एकेक कापत नाहीत. तागे उलगडून एकावर एक थर घालतात, वर साच्यांचा नकाशा ठेवतात आणि सगळे थर एकदम कापतात. म्हणजे ४० थर असतील तर दोन साच्यांच्या मधल्या रिकाम्या जागेचेही ४० तुकडे पडतात आणि ते सगळे हुबेहूब सारखे असतात. कचरा म्हणून गोणीत आले की ते विखुरतात, चुरगळतात आणि आपल्याला वाटतं हा नुसता चिंध्यांचा ढीग आहे. पण इस्त्री फिरवून एकावर एक ठेवा. चंद्रकोरीसारखा, माशाच्या शेपटीसारखा, असा एखादा विचित्र आकार पुन्हापुन्हा हाताला लागतो. एकदा मला असा एक तुकडा ३७ वेळा सापडला. एका बाजूला सरळ कड, दुसरीकडे बॅगेच्या कोपऱ्याची गोलाई, आणि मध्ये खाच. तो आकार कुठल्याही डिझायनरने मुद्दाम काढला नसता. ३७ मधले ४ डागाळलेले होते, ३ चाचणीत गेले, ६ दुरुस्तीसाठी ठेवले. उरलेल्या २४ तुकड्यांतून, प्रत्येकी ३ घेऊन, ८ भिंतशिल्पं झाली. ती आवृत्ती ८ नगांची का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे खरं उत्तर होतं. बाजारात ८ हा आकडा बरा दिसतो म्हणून ते ८ नव्हते.

मर्यादित आवृत्ती म्हणजे नेमकं हेच, असं मी मानते. नवं कापड मागवून ‘फक्त ५० नग’ असं छापणं ही दुकानदाराने स्वतःवर घातलेली मर्यादा असते. कात्रणांच्या बाबतीत मर्यादा मालातच असते. ती मोडायची असेल तर खोटं बोलावं लागेल.

हर्मेस या फ्रेंच फॅशन हाउसच्या ‘पेटी आश’ या विभागाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. हर्मेस घराण्यातल्याच पास्काल म्यूसार यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. त्याची कार्यशाळा पॅरिसला लागून असलेल्या पाँतँ इथे आहे. तिथे काम उलट्या क्रमाने चालतं. आधी कल्पना आणि मग सामग्री असं न होता शिल्लक चामडं, रेशीम, स्फटिक, चिनी माती समोर ठेवून कलाकार आणि कारागीर एकत्र बसतात. हाताशी असं मोठं फॅशन हाउस नसलं तरी क्रम हाच ठेवा.

आता चामड्याकडे येऊ. चामड्याचा सबंध तुकडा एकसारखा नसतो. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल, मानेवर सुरकुत्या. बॅगेचे दर्शनी भाग पाठीतून कापले जातात. त्यामुळे उत्तम चामड्याचा सर्वांत कच्चा भाग तुमच्या वाट्याला आलाय, हे धरूनच चाला. प्रत्येक तुकडा दोन्ही हातांत धरून उभा आणि आडवा ताणून बघा. एकीकडे सहज लांबतो आणि सोडल्यावर पूर्ण परत येत नाही, तो पोटाचा. असा तुकडा चौकटीवर ताणून बसवलात तर वर्षभरात झोळ पडेल. पण थर लावून, दाबून करायच्या कामात तोच उत्तम चालतो.

त्यानंतर कमावणी, म्हणजे कच्च्या कातड्याचं चामडं करण्याची पद्धत ओळखा. ताजी कड कापून भिंगाखाली धरा. आतला भाग निळसर करडा असेल तर बहुधा क्रोमने कमावलेलं, खाकी तपकिरी असेल तर झाडाच्या सालीने. आरपार रंगवलेल्या चामड्यात हे चटकन कळत नाही, तेव्हा कड ओली करून हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने जोरात घासा. सालीने कमावलेल्या चामड्याची कड घट्ट होऊन चमकते, क्रोमची लव उठते. हा फरक नुसता पुस्तकी नाही. तुमची वस्तू कशी दिसणार हे त्यावर ठरतं.

माझ्या आवडीचं एक काम जवळून दाखवते. वाडगा. २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांच्या रिंगा कापायच्या, प्रत्येक रिंग आधीच्यापेक्षा किंचित मोठी. चामड्याची चकचकीत बाजू चिकटत नाही, म्हणून ती खरखरीत कागदाने घासून घ्यायची. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, रिंगा एकावर एक चढवायच्या आणि शिकंज्यात, म्हणजे घट्ट पकडीत, २४ तास दाबून ठेवायच्या. शिकंजा काढल्यावर जे हातात येतं ते मुळीच देखणं नसतं. पायऱ्यापायऱ्यांचा, खडबडीत, कडांवरून चिकटद्रव्य बाहेर आलेला गोळा. मग १२० नंबरचा कागद, मग २४०, ४००, ६००. पायऱ्या विरघळत जातात आणि प्रत्येक रिंगेची कड वर येते: वाईनचा लाल, त्याखाली बदामी, मग शाईचा निळा, एखादा केशरी थर केसाएवढा बारीक. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला मातीचे थर दिसतात ना, तसे. शेवटी मधमाशीचं मेण कोमट करून बोटांनी चोळायचं. सगळे थर क्रोमचे असतील तर घासताना लव उठत राहते आणि रंग धुरकट दिसतो. म्हणून मी दर दोन क्रोमच्या थरांमध्ये एक सालीचा थर घालते. तो आधार देतो आणि पॉलिश धरतो.

घासताना तोंडाला धुळीचा मास्क हवाच, नुसता रुमाल पुरत नाही. चामड्याची धूळ माणसाला कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. धूळ खेचणारं यंत्र कामाच्या टेबलाला जोडून घ्या. लेझरने कापायचा मोह होईल, पण क्रोमचं चामडं लेझरखाली घालू नका, आणि पीव्हीसीचा थर असलेलं कापड तर कधीच नाही. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. धारदार रापी आणि लोखंडी पट्टी एवढं पुरतं.

मालात एक शत्रू लपून येतो, त्याबद्दल माझा अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात मला सुंदर मोतिया रंगाचा एक गठ्ठा मिळाला होता. देणाऱ्याने ‘चामडं’ म्हणून दिला, मीही विश्वास ठेवला. प्रत्यक्षात ते पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड होतं. त्यातून १२ पेट्या केल्या, विकल्या. सहाव्या वर्षी पहिली पेटी परत आली. झाकणावरचा थर चिकट होऊन पापुद्रे सुटत होते आणि हाताला रंग लागत होता. हवेतला दमटपणा या थराची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो. कपाटात न वापरता ठेवलं तरी हे होतंच आणि त्यावर इलाज नाही. मी बाराही ग्राहकांना पत्रं लिहिली आणि पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्याची उलटी बाजू बघते. चामड्याच्या मागे मऊ तंतू दिसतात, कुठे विणीची जाळी दिसली की तो गठ्ठा बाहेर. ज्या वस्तूला आपण कलावस्तू म्हणतो आणि क्रमांक घालून सही करतो, ती दहा वर्षांत गळायला लागली तर त्या सहीला काय अर्थ?

म्हणून आणखी दोन चाचण्या करा. पांढरं सुती फडकं एकदा कोरडं आणि एकदा ओलं करून प्रत्येक रंगावर १० वेळा घासा. रंग उतरला तर तो तुकडा फिकट तुकड्याशेजारी लावायचा नाही. दुसरी, प्रत्येक रंगाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत तीन आठवडे ठेवा. गुलाबी आणि जांभळे काही वेळा पार दगा देतात.

मगर, अजगर यांचे तुकडे निघाले तर वेगळ्या डब्यात ठेवा. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराचा ‘साइट्स’ करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. घड्याळाच्या पट्ट्याएवढा तुकडासुद्धा सीमा ओलांडताना त्याच्या कागदपत्रांच्या कक्षेत येऊ शकतो. कागद नसतील तर तो तुकडा वस्तूत घालू नका. गायीच्या चामड्यावर मगरीची छाप मारलेली असेल तर नक्षी ठरावीक अंतराने तंतोतंत परत येते. खऱ्या मगरीच्या खवल्यांवर बहुतेक वेळा टाचणीच्या टोकाएवढं टिंब दिसतं. तो तिचा संवेदनाबिंदू. अ‍ॅलिगेटरच्या अंगावर तो नसतो.

स्कार्फ हा तुमच्या मालातला सर्वांत नाजूक आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. जाळीच्या छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते, उंची स्कार्फला अशा तीस-चाळीस जाळ्यासुद्धा लागतात. त्यांतली एक जरी किंचित सरकली तर अख्खा स्कार्फ बाद. बिघडलेला स्कार्फ खिडकीसमोर धरून बघा. घोड्याच्या लगामाशेजारी केसाएवढी पांढरी रेघ राहिलेली असते, किंवा एखादं पान आपल्या काळ्या बाह्यरेषेतून निसटून बाजूला गेलेलं असतं. कारखान्याने नाकारलेली हीच जागा मी कामाच्या केंद्रस्थानी ठेवते. ती कापून टाकली तर वस्तूपाशी सांगण्यासारखं काही उरत नाही.

रेशमाला गोंद लावू नका. रबराचं सोल्युशन काही वर्षांत पिवळं पडतं आणि डाग वर येतो. आम्लविरहित पुठ्ठ्यावर सुती कापड ताणून त्यावर रेशीम रेशमाच्याच दोऱ्याने, लांब आणि सैल टाक्यांनी बसवा. कागदावर चिकटवणं अटळच असेल तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. ती पाण्याने सुटते, पुढे कुणाला दुरुस्ती करता येते. मात्र आधी चाचणी करा, रेशमाचा रंग पाण्याने फुटतो का ते बघा. वर अतिनील किरण अडवणारी काच हवी, आणि ती रेशमाला टेकता कामा नये. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. घरात ते पाळता येत नाही, पण थेट ऊन नको एवढं ग्राहकाला लिहून द्या.

बकलं-साखळ्यांबद्दल थोडंच. पितळ चामड्याला थेट टेकलं की चामड्यातली चरबी आणि तांबं मिळून हिरवं मेणचट किटण धरतं. मध्ये पारदर्शक फिल्म घाला किंवा धातूला लॅकर द्या. कोरलेला लोगो असेल तर पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय तो सुटा भाग वापरू नका.

नावाचा प्रश्न. इथे उत्साहाच्या भरात चुका होतात. कंपनीने स्वतः बाजारात विकलेली वस्तू पुढे विकायला तिची परवानगी लागत नाही, हे तत्त्व अमेरिकेत आणि युरोपातही आहे. पण वस्तूचं रूप बदललं की ते तत्त्व लंगडं पडतं. आणि तुमची कात्रणं तर कधी विकलीच गेली नाहीत. ती एका कराराखाली तुमच्याकडे आली आहेत, करारात जे असेल तेच चालणार. शनेलची बटणं वापरून दागिने करणाऱ्यांवर शनेलने २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. लुई व्हितॉंच्या जुन्या बॅगा कापून नव्या वस्तू करणाऱ्या टेक्सासमधल्या एका छोट्या कंपनीला २०२२ मध्ये ६,०३,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. हॅमिल्टन कंपनीच्या, खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळांची मनगटी घड्याळं करणाऱ्या व्होर्टिक या कंपनीच्या बाजूने अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला. हॅमिल्टन हे नाव जुन्या भागांवरच होतं, व्होर्टिकने आपलं नाव घड्याळावर घातलं होतं आणि जुने भाग दुरुस्त करून वापरल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. ग्राहकाची दिशाभूल होत नव्हती.

तेव्हा माल उचलण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवा: नाव घेता येईल का, घेतलं तर कोणत्या शब्दांत, आणि लोगो असलेले भाग दाखवायचे की झाकायचे. परवानगी नसेल तर मी ‘उंची हँडबॅगांच्या कारखान्यातलं शिल्लक चामडं’ एवढंच लिहिते. आणि मिळाली तरी नाव कागदावर असावं, वस्तूच्या छातीवर नको. लोगो समोर आला की नाकापेक्षा मोती जड होतो. बघणारा तुमचं काम बघतच नाही, त्या बॅगेची किंमत आठवत बसतो.

असा माल हल्ली मिळायला लागलाय त्यामागे कारणं आहेत. २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात बर्बरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. ते उघड झाल्यावर मोठा गहजब झाला आणि २०१८ मध्येच कंपनीने ही पद्धत थांबवत असल्याचं जाहीर केलं. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेले कपडे नष्ट करण्यावर बंदी आणली, ती २०२२ पासून लागू झाली. युरोपीय संघातल्या मोठ्या कंपन्यांसाठी तशीच बंदी १९ जुलै २०२६ पासूनची आहे. लुई व्हितॉंची पालक कंपनी एलव्हीएमएचने २०२१ मध्ये आपल्या फॅशन हाउसेसचं शिल्लक कापड आणि चामडं विकायला ‘नोना सोर्स’ सुरू केलं. हे कायदे तयार, न विकलेल्या मालाबद्दल आहेत, कात्रणांबद्दल नाहीत. पण आतल्या लोकांची नजर बदलली आहे. ज्या गोणीबद्दल पूर्वी ‘घेऊन जा’ म्हणायचे, तिची आता नोंद ठेवतात, आणि ‘याचं काय केलंत?’ असं वर्षाखेरीस विचारतातही. उत्तर द्यायला तुमची नोंदवही तयार हवी. माझ्या वहीत प्रत्येक गठ्ठ्याचं वजन, आल्याची तारीख, कमावणी किंवा वीण, चाचण्यांचे निकाल आणि कुठल्या वस्तूत गेला, एवढे रकाने आहेत. वस्तूसोबत जाणारं प्रमाणपत्र मी या वहीतूनच उतरवते.

आवृत्तीचा आकडा ठरवताना लिहिण्याची पद्धत नीट पाळा. ३/८ म्हणजे ८ पैकी तिसरा नग. फ्रान्सच्या करनियमांत मूळ शिल्प म्हणून धरायला ८ क्रमांकित प्रती आणि ४ कलाकाराच्या प्रती अशी मर्यादा आहे, आणि शिल्पांच्या व्यवहारात जगभर ती परिचित आहे. तुम्हाला ती बंधनकारक असेलच असं नाही, पण संग्राहकाला समजते. कात्रणांत दोन नग तंतोतंत सारखे होत नाहीत, म्हणून ठसाचित्रकार ज्याला बदलती आवृत्ती म्हणतात तसं स्पष्ट लिहा: आकार आणि पद्धत एक, रंगक्रम वेगळा. आकडा पहिला नग विकण्याआधी जाहीर करा आणि नंतर वाढवू नका. मागणी आली, तोच माल पुन्हा मिळाला, तरी नाही.

किंमत तासांवर बांधा. माल फुकट आला म्हणून वस्तू स्वस्त, हा हिशेब इथे चालत नाही. निवडणं, उसवणं, घासणं, चाचण्या यांत माझा जवळजवळ निम्मा वेळ जातो, आणि नवशिके नेमका तोच मोजत नाहीत. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेलाच्या फॅशन हाउसने जुन्या वस्तूंतून घडवलेल्या ‘आर्टिसनल’ कपड्यांसोबत ते घडायला किती तास लागले तेही सांगण्याची पद्धत ठेवली होती. मीही प्रमाणपत्रावर तास लिहिते. ग्राहक घासाघीस करायला आला की तो आकडा वाचतो आणि बोलण्याचा सूर बदलतो. तास, त्यावर सामग्री आणि जागेचा खर्च, त्यावर चाचण्यांत वाया गेलेल्या नगांचा वाटा. गॅलरी निम्मा हिस्सा घेणार असेल तर तो सुरुवातीपासून धरा. मूळ बॅग केवढ्याला विकली जाते याच्याशी तुमच्या किमतीचा संबंध लावू नका.

आणि प्रत्येक आवृत्तीच्या मालापैकी थोडा भाग बाजूला काढा. मी साधारण सहावा हिस्सा काढते, आवृत्तीचं नाव लिहून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवते. गेल्या वर्षी ९ वर्षांपूर्वीचा एक वाडगा परत आला. कुत्र्याने काठ चावला होता, वरच्या तीन रिंगा गेल्या होत्या. डबा उघडला तर त्याच वाईन रंगाचा तुकडा होता, त्याच गठ्ठ्यातला, फक्त कोरा. तीन रिंगा कापल्या, चढवल्या, घासल्या. नवा थर जुन्यापेक्षा किंचित उजळ दिसतो. मी तो मुरवून जुन्यासारखा केला नाही, वहीत त्या नगासमोर दुरुस्तीची तारीख घातली आणि वाडगा परत पाठवला.